टोपी नाही म्हणून तंबू

तीर्थरूप मामांना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी इथे ठीक आहे असं लिहायला बसलो, पण ठीक म्हणजे नक्की काय, हे कालपासून मला सांगता येत नाही. तुमचा खोकला कसा आहे? मामीचे गुडघे? तुमच्या सूनबाईला नववा लागला, तेव्हा तिला जिना चढू देऊ नका.

आमचं बाळ व्हायच्या आत घरी पोचावं म्हणून मी दहा दिवसांची रजा मागितली होती. ती जवळजवळ मिळालीच होती; फक्त पूर्ण गणवेशात जाऊन कर्नलसाहेबांची सही घ्यायची होती. तर नेमकी काल सकाळी बराकीच्या खिडकीत ठेवलेली माझी टोपी वाऱ्याने उडवली, ती थेट विहिरीत.

आता नियम बघा. उघड्यावर टोपीशिवाय दिसलात तर रजा रद्द. दुसऱ्याची टोपी घालणं हा गुन्हा. नवी टोपी कोठारात मिळते, पण स्वतः जाऊन, आणि जुनी जमा केल्यावरच. कोठार मैदानाच्या पलीकडे, म्हणजे उघड्यावर. (मी हे तीनदा वाचलं. तिन्ही वेळा मी बराकीतच होतो.)

आमच्या खोलीत एक जण आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. त्याने नियमांचं पुस्तक चाळलं आणि म्हणाला, "छपराखाली टोपी लागत नाही. आणि कलम अकराप्रमाणे तंबू हे छप्पर आहे. तंबू एकाच जागी उभा असावा, असं कुठे लिहिलंय?" मला वाटलं, कुठेतरी असेलच. पण नव्हतं. जुन्या टोपीचं कोठारात पोचल्यावर बघू, असं ठरलं. मग चौघांनी चार कोपऱ्यांचे खांब धरले, मी मधे उभा राहिलो आणि आमचा तंबू मैदानातून चालू लागला.

मैदानाच्या मध्यावर बाहेरून आवाज आला, "आत कोण आहे?" मी म्हटलं, "मी, साहेब." थोड्या वेळाने, "आत येऊ का?" (कर्नलसाहेबांनी मला विचारलं, मामा! मी 'या' म्हटलं. 'बसा' पण म्हणणार होतो, पण तंबू चालत होता.) साहेब आत आले आणि छपराखाली आल्यामुळे त्यांनी टोपी काढून काखेत धरली. वकिलाने खांब न सोडता कलम अकरा पाठ म्हणून दाखवलं. साहेबांनी तंबूचं कापड बोटांनी चाचपून बघितलं. मग म्हणाले, "चला. मला बघायचंय हे कुठपर्यंत जातं."

ते कोठारापर्यंत गेलं. कोठारवाला नियमाचा पक्का आणि नजरेचा कच्चा. पुस्तक स्वतः तपासायला साहेबांनी टोपी टेबलावर ठेवली. कोठारवाल्याने ती माझी जुनी टोपी समजून वहीत जमा केली, नियमाप्रमाणे कात्रीने मधोमध कापली आणि मला नवी दिली. मी "अहो" म्हणेपर्यंत टोपीचे दोन भाग झाले होते. साहेबांच्या मापाची, साहेबांच्या हुद्द्याची टोपी कोठारात नसते. मुख्यालयातून यायला आठ दिवस लागतात.

म्हणजे आता मी टोपीसह बाहेर, आणि साहेब टोपीशिवाय तंबूत. मी तंबूला कडक सलाम ठोकला. (तंबूला करावा की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.) आतून हात बाहेर आला. "आण तो तुझा कागद," साहेब म्हणाले, "आणि मिळेल त्या पहिल्या गाडीने नीघ." कागद परत आला तेव्हा दहाच्या जागी चाळीस दिवस लिहिलेले होते. ही मेहेरबानी आहे की हकालपट्टी, ते वकिलालाही सांगता येत नाही. मग तंबू साहेबांना घेऊन कचेरीकडे चालू लागला.

गाडी परवाची आहे. हे पत्र तिकडेच निघालेल्या मालट्रकच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय; मालट्रकमध्ये माणूस बसवायला मनाई आहे.

तुमचा गोंधळलेला भाचा

ता. क. मामीला यातलं थोडंच सांगा.

आणखी ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं. रजेच्या फॉर्मवर कारणं चारच छापलेली होती: आजारपण, मृत्यू, जमीन, लग्न. बाळंतपण नव्हतंच. वकील म्हणाला, लग्नावर खूण कर, कुणाचं आणि कधीचं ते कुठे विचारलंय? मी केली. आता कळलं की अशा प्रत्येकाच्या घरी कचेरीतून अभिनंदनाचं कार्ड जातं, आणि पाकिटावर 'नववधूस' असं लिहिलेलं असतं. ते कालच टपालात पडलं. घरचं टपाल सूनबाई स्वतः घेते. तेव्हा मामा, मी येईपर्यंत कृपा करून दारातून हलू नका.