दोन्हीकडं पिनवाली वायर

हिंगणी,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय कैलासदादा,

नमस्कार. इकडं सगळे बरे आहेत. तिकडं तू कसा आहे ते आता मले तुझ्या अक्षरावरूनच समजते. मागच्या पत्रात डाव्या हातानं काढलेला 'क' एकदम सरळ उभा राह्यला होता. डॉक्टरीणबाईनं रोज एक पान लिहाले लावलं ते बरंच झालं, नाई तं फोनवर तू नुसता 'हं, हं' करून ठेवून देतो. उज्वलावहिनीले सांगजो, मुगवड्या पोचल्या. अर्ध्या सुरभीच्या बाबानं कच्च्याच खाल्ल्या.

आता कामाचं. मले जनरेटर घ्यायचं आहे अन् ते तू निवडून द्यायचं. सुरभी अन् जवाई म्हणतात, धरणाकडच्या वांग्याच्या वावरात कडेच्या धुऱ्यावर चार तंबू टाकू. शनिवार-रविवारी नागपूरचे लोक येतात अन् जंगलाच्या काठी झोपाले पैसे देतात. मी म्हणलं, आम्ही तं जलमभर फुकट झोपलो! पण या लोकायले तंबूत पंखा पाहिजे, फोन चार्ज पाहिजे. अन् तंबू नसले त्या दिवशी तेच मशीन घरी आणायचं, उन्हाळ्यात लाईन गेली की कूलर अन् फ्रीज चालवायचा. म्हणजे दोघांनी उचलून नेता येईल असं पाहिजे, टमाट्याच्या भरल्या कॅरेटएवढं.

तुले माहीत आहे, एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिची आतडी बाहेर काढल्याशिवाय मले जेवण जात नाई. वही घेऊन घरभर फिरली. प्रत्येक वस्तूच्या पाठीमागची चिठ्ठी वाचली. फ्रीजमागं वाकून बसली होती तं सुरभीचे बाबा म्हणाले, "तिथं काय पोथी वाचून राह्यली?" कूलर एकशे नव्वद वॅट, फ्रीज दीडशे, पण सुरू होताना फ्रीज तिप्पट-चौपट ओढते म्हणे. हे खरं आहे का? एवढा दम त्याच्यात येते कुठून, दिवसभर तं कोपऱ्यात गुपचूप उभा असते!

परवा वर्ध्याले जाऊन दुकानात दोन मशीनी सुरू करून पाह्यल्या. एक नेहमीची, मंडपवाल्याकडं असते तशी उघडी. दुसरी इन्व्हर्टरवाली, बंद पेटीतली. मी दुकानदाराले पाण्याचा गिलास मागितला. त्याले वाटलं, बाईले तहान लागली. मी गिलास मशीनवर ठेवला. पहिल्या मशीनवरून तो नाचत नाचत खाली पडला. दुसऱ्यावर पाणी नुसतं थरथरलं. तो म्हणाला, "मावशी, वीस वर्षांत असं गिऱ्हाईक नाई पाह्यलं." इन्व्हर्टरवाल्याचं इंजिन लोड कमी असला की आपोआप हळू होते, म्हणून आवाज बी कमी अन् पेट्रोल बी कमी. जंगलाच्या काठी आवाज नकोच, नाई तं पाहुण्यायआधी फॉरेस्टवाले यायचे.

अन् गंमत ऐक. ते पेट्रोलवर बी चालते अन् गॅसवर बी. बाजूले एक खटका आहे, इकडं फिरवला की टाकी, तिकडं फिरवला की सिलेंडर. गॅसवर ताकद थोडी कमी पडते, पण पेट्रोल महिनोन्महिने टाकीत ठेवलं तं खराब होते, गॅस तसाच राहते. आपल्याले महिन्यात चार-सहा दिवसच लागणार, म्हणून मले गॅस बरा वाटते. घरचं सिलेंडर लावता येत नाई, धंद्याचं वेगळं घ्या लागते. अन् तंबूच्या किंवा घराच्या आत लावायचंच नाई, धुरानं माणूस झोपेतच जाते. माय वो, एवढुशा पेटीत किती मरणं भरून ठेवली!

दुकानदारानं अजून बी एक विचारलं होतं. ते राहू दे सध्या.

तं मले सांग, दोन किलोवॅटचं घेऊ का तीनचं? गॅसची नळी किती लांब ठेवू? अन् सहज विचारते गा दादा, लाईन बंद असताना घरातला करंट उलटा खांबावर जाऊ शकते का?

बुधवारच्या बाजारात चंद्रभानभाऊ दिसले होते. आता सिंदीले कापसाच्या गाड्या मोजायच्या कामावर आहेत. त्यायनं नेहमीसारखंच विचारलं, "कैलासचा हात कसा आहे?" तुले त्यायचं नाव आवडत नाई हे माहीत आहे मले, तरी लिहिलं. तुम्ही दोघं एका डब्यात जेवणारे होते. तू खांबावर तार जोडत असताना त्यायनं स्विच लावला, हे तू डोळ्यानं पाह्यलं होतं का?

रागावू नको. मी नुसती विचारून राह्यली.

तुझी उचापती
नलू


हिंगणी,
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

तुझं पत्र शुक्रवारी भेटलं. पोस्टमननं फाटकातच दिलं अन् मी तिथंच उभी राहून वाचलं. भाजी करपली.

तीन किलोवॅटचं घे म्हणला, ते समजलं. गॅसवर कमी पडणार ते धरून मोठंच घ्यायचं, अन् फ्रीज आधी सुरू करायचा, तो शांत झाला की मग कूलर. एका मागून एक, पंगतीत वाढतात तसं. नळीबद्दल बी समजलं. अन् महिन्यातून एकदा विनाकारण दहा मिनिटं चालवायचं, नाई तं ऐन वेळी रुसते, हे तं कोणत्याच दुकानदारानं सांगितलं नव्हतं.

माझ्या शेवटच्या प्रश्नाले तू चित्र काढून उत्तर दिलं. घर, भिंतीतला बोर्ड, मीटर, खांब, अन् खांबावर एक माणूस. डाव्या हातानं इतकं साफ कसं काढलं? खाली लिहिलं आहे, "जाते. घराचा मेन स्विच पाडून बंद केला नाई तं जनरेटरचा करंट सरळ तारेवर जाते. वरच्या माणसाले कळत बी नाई." अन् त्याच्याखाली, "त्या दिवशी मी तारेवर अर्थिंगची साखळी टाकली असती तं चंद्रभानच्या चुकीनं बी काई झालं नसतं. तेवढी माझी चूक. बाकी त्याची. काऊन विचारलं?"

काऊन विचारलं ते आज लिहिता येत नाई. तीनदा लिहाले बसली, तीनदा उठली. एकदा तं उगाच गोठा झाडून आली.

वहिनीले नमस्कार. हात शेकत जा.

नलू


हिंगणी,
सोमवार, ३ मार्च २०२५

प्रिय दादा,

हे पत्र बसून वाच. वहिनीले जवळ बसव.

ते चंद्रभानभाऊनं नाई केलं. मी केलं.

सुरभीच्या साक्षगंधाचा दिवस आठव. आदल्या संध्याकाळच्या वादळात तार तुटली होती. आपलं घर टोकाचं, त्या तुकड्यावर एकटंच. सकाळपासून मीच तुले तीनदा फोन केला. पाहुणे अकराले येणार होते, ऊन सत्तेचाळीसचं, अन् घरात एक पंखा फिरत नव्हता. तू खांबावर चढला. चंद्रभानभाऊ तिकडं ट्रान्सफॉर्मरपाशी स्विच पाडून उभे होते. साखळी टाकाले तुले वेळ नव्हता, कारण मी खालून ओरडत होती, "दादा, आटप, पाहुणे फाट्यावर आले!"

मग मी घरात गेली. मंडपवाल्याचं जनरेटर मागच्या अंगणात माईकसाठी चालूच होतं. मले वाटलं, दादाचं होईपर्यंत कूलर तरी चालवू. टेबलफॅनची वायर कापली अन् दोन्हीकडं पिन लावली. एक पिन जनरेटरमधे, एक भिंतीच्या बोर्डात. कूलर भर्रकन सुरू झाला. मी इतकी खुश झाली की सुरभीले म्हणलं, "पाह्य, तुझी माय काय चीज आहे!" मेन पाडा लागते हे मले माहीतच नव्हतं. मग बाहेरून तुझा आवाज आला.

मी धावत आली. तू खाली पडलेला होता अन् तुझ्या हातातून धूर निघून राह्यला होता. गडबडीत कोणीतरी जनरेटर बंद केलं. ती वायर कोणाच्या ध्यानात आली नाई. देवाशपथ, माझ्या बी नाई आली. दुसऱ्या दिवशी मीच ती गुंडाळून खिळ्यावर टांगली. सगळे म्हणाले, चंद्रभाननं स्विच लवकर लावला. वीज ऑफिसच्या साहेबानं बी तेच लिहिलं अन् त्यायचं काम गेलं. मी बी तेच मानलं. मीच त्यायले तोंडावर म्हणलं होतं, "माझ्या भावाचा हात खाल्ला तुम्ही."

आता दुकानदारानं काय विचारलं होतं ते सांगते. गिलासाचं पाणी पुसता पुसता तो म्हणाला, "मावशी, घरी चेंजओव्हर आहे ना?" मी हो म्हणलं. मग मले राहवलं नाई, विचारलं, चेंजओव्हर म्हणजे काय. त्यानं एक दांडीवाला स्विच काढून दाखवला. दांडी वर केली तं लाईन, खाली केली तं जनरेटर, दोन्ही एका वेळी कधीच नाई. "हे नसलं तं खांबावरचा माणूस मरते," असं म्हणून तो चहा सांगाले गेला. मले तिथंच ती खिळ्यावरची वायर दिसली. चहा न पिताच निघून आली. तरी घरी येऊन तुले ते लांबलचक पत्र लिहिलं. फ्रीज, कूलर, गॅस, सगळं लिहिलं. तू 'नाई जात' म्हणशील अशी आशा होती. तू चित्र काढून पाठवलं.

सुरभीचे बाबा म्हणतात, जुनं उकरून काय भेटते, हात का परत येते. मी दोन दिवस त्यायचं ऐकलं. तिसऱ्या दिवशी बस धरून सिंदीले गेली.

चंद्रभानभाऊ वजनकाट्यापाशी उभे होते. मी सगळं सांगितलं, वायर पिशवीतून काढून दाखवली. त्यायनं वायर हातात घेऊन दोन्ही पिना चाचपल्या. मग म्हणाले, "नलूबाई, माझ्या पोरीच्या सोयरिकीले आलेल्या लोकायनं मले दारातच विचारलं होतं, तो स्विचवाला तुम्हीच का. सोयरीक मोडली. अन् ही वायर तुमच्या घरी खिळ्यावर होती." मी पायावर डोकं ठेवाले वाकली तं दोन पावलं मागं सरले. "पाया नका पडू. तेनं माझं काई भागत नाई."

दादा, मी तिथं भर रस्त्यात रडली. गाडीवाले पाहत होते.

जाताना त्यायनं विचारलं, कैलासले सांगितलं का. मी नाई म्हणलं. ते म्हणाले, "मग आधी त्याले सांगा. साहेबानं काय लिहिलं त्याचं मले आता काई नाई. मी स्विचले हात बी लावला नाई, हे मी कैलासले दवाखान्यात सांगाले गेलतो. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यानं एकदा म्हणावं, चंद्रभान, तू नव्हता. बस."

आज सकाळी वीज ऑफिसात लेखी दिलं, सही केली. वायर बी त्यायच्याकडंच ठेवून आली. पुढं काय होईल ते होईल. जनरेटर घेतलं नाई. चेंजओव्हर मात्र बसवून घेतला. बसवणाऱ्यानं विचारलं, "मशीन नाई तं हा कशाले?" मी म्हणलं, आधी हाच पाहिजे होता.

मले भेव एकाच गोष्टीचं आहे, तू मले टाकशील. टाकलं तं मी तुले दोष देणार नाई. लहानपणी रेडिओ खोलून ठेवला तेव्हा बापानं मले मारू नये म्हणून तू सांगितलं होतं, मी खोलला. तुझ्या डाव्या गालावर पाच बोटं उठली होती. अन् यावेळी माझ्या उचापतीचं खापर तू चंद्रभानभाऊच्या डोक्यावर फोडलं, मी बी फोडू दिलं.

तुले दिवसाले एकच पान लिहिता येते, माहीत आहे मले. हे वाचून झाल्यावर जे पहिलं पान लिहिशील ते मले लिहू नको. चंद्रभानभाऊले लिही. पत्ता पाकिटाच्या मागं टाकला आहे. तीन शब्दच लिही, त्यायनं सांगितले तेच.

मले नाई लिहिलं तरी चालेल, असं लिहिणार होती. पण ते खोटं होईल. पोस्टमनची गाडी वाजली की मी फाटकापाशी येऊन उभी राहीन.

ज्या हातानं पिन लावली, त्याच धडधाकट हातानं हे लिहिणारी,
तुझी नलू