ऐंशी किलोमीटरचं मॉड्यूल

३ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या निर्णयांची नोंद राहिली पाहिजे, आणि या महिन्यात एक मोठा निर्णय माझ्या डोक्यावर आहे. हॉस्पिटलच्या नव्या इमारतीतला आयसीयू सोळा तारखेला सुरू होणार. आमच्या सर्व्हर रूमपासून तिथपर्यंत काचेची केबल टाकून झाली आहे. दोन्ही टोकांच्या स्विचमध्ये मॉड्यूल कुठली बसवायची, ते नेटवर्क प्रमुख म्हणून मी ठरवायचं. मॉड्यूल म्हणजे बोटाएवढी डबी. एका टोकाची प्रकाश सोडते, दुसऱ्या टोकाची पकडते. एक्स-रे, रिपोर्ट, मॉनिटर, सगळं त्याच्यावर. (हे स्वतःला कशाला समजावतोय? सवय. मला समजावून सांगता येतं.)
संकल्प: रोज चालणे. चहात साखर नाही. आणि मेहुण्याला कायम करण्याबद्दल डायरेक्टर साहेबांशी बोलणे. नऊ वर्षं माझ्या हाताखाली कंत्राटावर तंत्रज्ञ आहे. एक एप्रिलच्या यादीत त्याचं नाव जायलाच हवं. हिला शब्द दिलाय.

४ मार्च
चालणं नाही. गुडघा. साखर अर्धा चमचा; एकदम तोडली तर शरीराला धक्का बसतो.
मॉड्यूलचा तुलनात्मक तक्ता केला. चौदा रकाने. एकाला निळा रंग दिला.

५ मार्च
मेहुणा केबल मोजून आला. दोनशे चाळीस मीटर. ऑफिसात त्याला सगळे बॅटरी म्हणतात, खिशात कायम टॉर्च असते म्हणून. म्हणाला, दहा किलोमीटरवाली पुरून उरतील, साधी घ्या.
साधी! असा विचार करतो म्हणूनच अजून शिडीवर आहे. पण माणूस कामाचा. साहेबांशी उद्या नक्की बोलणार.

७ मार्च
ठरलं. ऐंशी किलोमीटरची. ताकद जास्त तर भरवसा जास्त. प्रस्तावात 'दूरदृष्टी' हा शब्द तीनदा आला, एक काढला.
मेहुण्याने सगळ्यांसमोर विचारलं, इमारत कुठे हलवणार आहेत का? सगळे हसले. मीही हसलो. मोठेपणा लागतो त्याला.
मग बाजूला घेऊन म्हणाला की इतक्या जवळून इतका झगझगीत प्रकाश सोडला तर समोरचं मॉड्यूल जळतं. मध्ये प्रकाश मंद करणारी छोटी टोपणं लावावी लागतील, ॲटेन्युएटर. हे मला माहीत होतंच, फक्त त्या क्षणी आठवत नव्हतं. बघू म्हणालो.
साहेबांकडे गेलो होतो. फोनवर होते.

११ मार्च, दुपारी
मॉड्यूल आली. चार नग, दोन वापरायला आणि दोन राखीव. टोपणं मागवलेली नाहीत. मागवायची तर पत्रात कारण द्यावं लागतं, आणि कारण काय देणार? मेहुणा म्हणाला, एका ओळखीच्याकडे आहेत, पंधराला चारपर्यंत घेऊन येतो. तोवर हात लावू नका.
हात लावू नका. मला.

१५ मार्च, दुपारी ३.४०
साहेब अचानक नव्या इमारतीत आले. सोबत तीन पाहुणे. तयार आहे का, विचारलं. आत्ता दाखवतो म्हणालो. पलीकडचं मॉड्यूल सकाळीच बसवून ठेवलं होतं (कुणाच्या परवानगीची गरज नसते, हे कळावं म्हणून). इकडचं खुपसलं. हिरवा दिवा! साहेब म्हणाले, वा. पाहुण्यांनी मान डोलावली. लिफ्टपर्यंत सोडायला गेलो.
परत आलो तर दिवा गेलेला.

संध्याकाळी ५.१५
राखीव जोडी लावली. तीही गेली.
मेहुणा चार वाजता टोपणं घेऊन आला, जिने चढून, घामाघूम. स्विचकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. टोपणांची पुडी परत खिशात घातली. हे बरं नव्हे. माणसाने चिडावं, भांडावं. तसं केलं असतं तर मलाही दोन शब्द बोलता आले असते.

१६ मार्च
आयसीयू सुरू नाही. दुसरी मॉड्यूल यायला अकरा दिवस. तिकडे हलवायचे पेशंट आमच्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये, खाटांवर. मी मागच्या जिन्याने ये-जा करतो. तेवढाच व्यायाम.
साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय.

१७ मार्च, सकाळी
पहिला मसुदा अगदी खरा होता. भाषा जमली नाही. शेवटी लिहिलं: 'बसवताना तंत्रज्ञाकडून ॲटेन्युएटर लावायचे राहिले.' यात खोटं काय? राहिलेच होते. नाव कुणाचंही घेतलेलं नाही. आमच्याकडे तंत्रज्ञ एकच आहे, त्याला मी काय करू?
सही केली. सही छान आली.

१९ मार्च
साहेबांनी मेहुण्याला बोलावलं. मी बाहेर उभा होतो. आत जाऊन सांगणार होतो, पण न बोलावता जाणं शिस्तीत बसत नाही. दहा मिनिटांत बाहेर आला. शिडी उचलली आणि कामाला गेला.
साहेबांनी मग मला सांगितलं की त्याने चूक कबूल केली. एकतीसला कंत्राट संपतंय, ते पुढे वाढणार नाही.
मी दिवसभर विचार केला. कबूल केली म्हणजे काहीतरी असणारच. माणूस उगाच कशाला कबूल करेल?
साहेबांशी बोलायचा संकल्प आता खोडायला हरकत नाही. तेवढा ताण कमी.

२३ मार्च
मागच्या जिन्याला रंग देताहेत. कॉरिडॉरमधून जावं लागलं. दाराजवळच्या खाटेवर एक आजी आहेत. हात धरून विचारलं, डॉक्टर का? नाही म्हणालो. म्हणाल्या, मग पुढे हो बाबा, वारा अडतोय.
विनोदी बाई. हिला सांगणार होतो. सांगितलं नाही.

२५ मार्च
आजींची खाट रिकामी. चादर बदललेली. घरी गेल्या असतील.
परिचारिकेला विचारणार होतो. ती कामात होती.

२७ मार्च, संध्याकाळी
नवी मॉड्यूल आली. दहा किलोमीटरची. निवड माझीच. मेहुण्याने बसवली, वीस मिनिटांत दोन्ही टोकं चालू. प्रत्येक तारेला त्याने बारीक अक्षरात चिठ्ठ्या लावल्यात, कुठली कुठे जाते त्याच्या. पुढच्या माणसाला सोपं जाईल म्हणाला. साहेबांनी माझं अभिनंदन केलं. मी म्हणालो, सगळ्या टीमचं काम आहे. टीम शेजारीच उभी होती, शिडी धरून.
खाली उतरताना तो म्हणाला, "दाजी, दोघांचं काम जाण्यापेक्षा एकाचं गेलेलं बरं. ताईचं घर आहे."
कशाबद्दल बोलत होता, ते विचारलं नाही.

३१ मार्च
त्याने टॉर्च माझ्या टेबलावर आणून ठेवली. ऑफिसची आहे म्हणाला. नऊ वर्षं मला ती त्याचीच वाटायची.
घरी आलो तर ही रडलेली. तो दुपारी येऊन सगळं सांगून गेला होता. म्हणजे सगळं नाही. माझ्या हातून झालं, दाजींनी बजावलं होतं, मीच विसरलो, असं. त्याच्यावर ओरडली म्हणे, पाणीसुद्धा न पिता गेला. मग मला म्हणाली, "अहो, माझ्या भावामुळे तुमची मान खाली गेली. मनात ठेवू नका."
नाही ठेवत म्हणालो.
जेवलो. पोटभर जेवलो, आणि मग बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून बसलो. मला लाज वाटते. हे वाक्य इथे लिहिलंय, दुसरीकडे कुठे लिहायची गरज नाही.

२ एप्रिल
त्याला एका कारखान्यात जागा मिळतेय. पाच तारखेपर्यंत अनुभवाचा दाखला हवा, माझ्या सहीचा. ही म्हणाली, दोन ओळी लिहून द्या, तुमचं लिहिणं चांगलं आहे.
लिहिलं: 'कामात अत्यंत काळजीपूर्वक.' दाखल्याची प्रत फायलीत लावावी लागते. फायलीत वरच माझा खुलासा, त्यावर माझीच सही. हे दोन कागद एकावर एक बसत नाहीत. एक बदलावा लागेल.
'समाधानकारक' लिहून पाहिलं. खोडलं.

४ एप्रिल
खुलासा मागे घ्यायचा. पक्कं. दोन मिनिटांचं काम. सर्व्हर रूम ते साहेबांची केबिन, मोजली, सव्वीस पावलं. गेलो. फोनवर नव्हते. आत या म्हणाले. नव्या इमारतीतल्या एसीबद्दल बोललो.
उद्या सकाळी पहिलं काम हेच.

६ एप्रिल, संध्याकाळी
मुदत काल होती. मेहुण्याचा फोन आला. ती जागा दुसऱ्याला गेली, तेव्हा दाखल्याची आता घाई करू नका म्हणाला. ताईला मी सांगतो, माझेच कागद कमी पडले असं सांगतो.
हिने आत्ताच विचारलं, दाखला दिलात ना? दिला म्हणालो. म्हणाली, मला ठाऊकच होतं.
साखर दोन चमचे.
चालणं: सव्वीस पावलं, आणि परत.