तीन नंबरचा डोळा

११ नोव्हेंबर, मंगळवार

उपग्रह गरगरतोय! सकाळीच उत्कर्षाचा फोन. बंगळूरच्या तिच्या कंपनीनं बनवलेला, मिक्सरएवढा. वर जाऊन नऊ दिवस झाले. त्याला सहा बाजूंना सहा डोळे — सूर्य कुठाय ते बघणारे. त्यातला एक खोटं सांगतोय. मग हा भलतीकडेच तोंड करतो, वीज बनवणाऱ्या पत्र्यांवर ऊन पडत नाही, बॅटरी उतरते. "शुक्रवारपर्यंत टिकेल, आई. मग संपलं."

सूर्याला अर्घ्य दिलं. निम्मं पायावरच सांडलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ती म्हणते, तीन नंबरचा डोळा आंधळा झालाय. "मग सांग की साहेबांना!" हळूच म्हणाली — "तू पाठवलेला अंगारा लावला होता मी. तीनच्या खाली, चौकटीला. काचेला नाही गं."

माझीच पुडी! सिद्धेश्वराचा अंगारा. दोनदा बजावलं होतं, विसरू नको म्हणून. तिथं धुळीचा कणही चालत नाही म्हणे, टोपी-हातमोजे घालून जातात. मला कुठं माहीत! तिला होतं. माझ्या शब्दासाठी केलं.

ह्यांना सांगितलं. "अंगारा लावायला ती काय नवी स्कूटर हाय व्हय?" हसले. पण ताटावरून उठलेही.

जप होईना. देवाचा असला तरी राख ती राखच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

साहेब म्हणजे चनबसप्पा, अक्कलकोटकडचे. माझी शेंगाचटणी मागून घेतात. ते पाच नंबरवरच अडून — पाच खोटा, पाच बंद करा! तीन आंधळा, त्यात पाचही मिटला तर उपग्रह गेलाच, म्हणते ही. पण कबूल केलं तर नोकरी जाईल.

मी म्हटलं, सांग. तिनं फोन ठेवला. कुठली आई असं सांगते?

दुपारी मीच लावला. "माझं नाव घे. आई अडाणी आहे म्हणावं."

"तू अडाणी नाहीस."

"मग मॅट्रिक आहे म्हण!"

हसली का रडली, कळलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं तिनं! साडेअकराला तीनचं ऐकणं बंद केलं. कुठल्या पत्र्यातून वीज किती येते, त्यावरून आता ऊन ओळखायचं — आंधळ्याला चटक्यावरून कळतं तसं. चार वाजता सरळ झाला. बॅटरी चढतेय.

उत्कर्षाला घरी बसवलंय. चौकशी.

१६ नोव्हेंबर, रविवार

फोन नाही. देवाजवळ आज काही मागितलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चनबसप्पांचा फोन. मला! कानडीत आईला म्हणतात तसं — "अव्वा, पाठवायच्या दिवशी तीनवर मी पण विभूती ओढली होती. तीन बोटं. काचेवरूनच. म्हणून तर पाच-पाच करत होतो." अहवालात नाव मात्र एकट्या उत्कर्षाचं गेलंय. "माफ करा, अव्वा."

म्हटलं, माफीचं मग बघू. आधी कागदावर लिहा. मी फोन धरून बसते.

लिहून वाचून दाखवलं. 'काचेवरून' गाळलं होतं. घालायला लावलं.