शेळीबाईंची रिकामी खोली

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे अजून वाकलेलाच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? माझं विचारू नकोस. वाचनालयाची चाकरी शत्रूलाही नको.

देणगीत एक जपानी चित्रकथा आली, मांगा म्हणतात तिला. त्यात माणसंच नाहीत, सगळी कपडे घातलेली जनावरं. शेळ्यांच्या गावात एक तरुण लांडगा खोली शोधतोय. (पालेभाजी खातो बिचारा, पण विश्वास कोण ठेवणार?) घरमालकीण शेळीबाई गोड हसून सांगते, "खोली आहे हो, पण माझी बहीण राहायला येणार आहे." बहीणबिहीण कोणी नाही! मला असा संताप आला की हातातला चहा गार झाला.

आता हे पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, हे मला कोण सांगणार? मी तारखांची चिठ्ठी भलत्याच टोकाला डकवली आणि निम्म्या सभासदांनी गोष्ट उलटी वाचली. त्यांना पहिल्याच पानावर लांडगा बोचकं घेऊन गाव सोडताना दिसला. "काहीतरी केलंच असेल मेल्याने," म्हणत सगळे उरलेल्या पानांत त्याचा गुन्हा शोधत बसले! शिंपीणबाईंना त्याची नजरच वाईट वाटली. औषधांचे दुकानदार म्हणाले, शेळ्या म्हणजे आम्हीच, ही आमची बदनामी आहे. ओढाताणीत शेळीबाईंचं पान फाटलं. मग मी टेबलावर हात आपटून अर्धा तास बोललो, की माणसाचं मन बघा, कातडं काय बघता! ऐकलं फक्त आमच्या नव्या बाइंडरने. (पुलापलीकडच्या वस्तीतला आहे, पण फाटलेलं पान असं जोडतो की सांधा सापडत नाही.) बाकी सगळा पालथा घडा.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. बाइंडरने आपल्या घरातली वरची खोली भाड्याने मागितलीय. बायको आहे, तान्ही मुलगी आहे, येण्याजाण्यात रोज तीन तास मोडतात. माणूस लाख चांगला, माझं काहीच म्हणणं नाही. पण शेजारी काय म्हणतील? तू राहायला येत असल्याचं दोन ओळींचं पत्र टाक. त्याला दाखवता येईल.

ता. क. २ पाकीट चिकटवणार, तेवढ्यात तो पान जोडून घेऊन आला. मी म्हटलं, "खोलीचं जरा अवघड आहे, ताई येणार आहे." त्याने पुस्तक त्याच पानावर उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि हळूच विचारलं, "साहेब, पुढे ती बहीण येते का हो?" ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते पत्र टाकू नकोस. खोली झाडायला घेतली आहे. तुझ्या माळ्यावरचा पाळणा तेवढा पाठव. आणि शेजाऱ्यांनी विचारलंच तर भाडेकरू ताईने पाठवलाय, असं मी सांगणार आहे. सांभाळून घे.