बारीक 'ण'

मंगळवार, संध्याकाळ

वाचनालयाची कादंबरी उद्या परत करायची आहे आणि मी तिच्यात पेन्सिलीने चुका दुरुस्त केल्या आहेत. तिथल्या बाईंनी पाहिलं तर सभासदांतून माझं नावच काढून टाकतील.

एवढा नावाजलेला लेखक, आणि खाडीकाठच्या म्हातारीच्या तोंडी 'पानी'? अशा प्रत्येक 'न'वर मी बारीक 'ण' लिहिला, 'हाय'चं 'आहे' केलं. नववीत शाळा सुटली, पण शुद्धलेखनात मी कधी चुकलो नाही.

आज आई कोलंबी सोलत होती. तिला एक पान वाचून दाखवलं, माझं दुरुस्त केलेलं.

"ही आपल्या घनसोलीच्या बायांसारखीच हाय ना?" ती म्हणाली. "मंग मास्तरनीवानी कशाला बोलते, बाला?"

मग छापलेलं होतं तसं वाचलं. आईचे हात थांबले. "हां, आता बोलली."

लेखकाला हे कुठून ऐकू आलं? आमच्या ओट्यावर कधी बसला होता का तो? मी जन्मभर या घरात आहे, आणि आईचं 'पानी' दुरुस्त करण्यापलीकडे मी काय ऐकलं?

तासभर खोडरबर चालवला. एक 'ण' दाबून लिहिलेला, जातच नाही.

"दमलास? पानी देऊ?"

"दे," मी म्हणालो. "पानी दे."