जाळीच्या डाव्या बाजूची पिल्लं

प्रिय आई,

काल मी फोनवर नुसतं “बरं” म्हणून फोन ठेवला, त्यावरून तू पोरगी खूश झाली असं धरून चालली असशील. तसं नाही. काय बोलावं ते सुचेना, म्हणून बरं म्हटलं. कागदावर तुला मध्येच तोडता येत नाही, एवढ्यासाठी लिहिते आहे.

पुन्हा एकदा समजावते, कारण मागे सांगितलं तेव्हा तू पाण्याची भांडी विसळत “हो गं, हो” करत होतीस. आपल्या शेडमध्ये मधोमध जाळी लावली ती पिल्लांची भांडणं होऊ नयेत म्हणून नव्हे. उजवीकडच्यांना खाद्यात मिसळून शेवग्याच्या आणि कडुनिंबाच्या पाल्याची भुकटी द्यायची, डावीकडच्यांना नुसतं खाद्य. बाकी तूस, पाणी, दिवे सगळं सारखं. वाढीसाठी पाण्यातून देतात ती औषधाची पावडर दोन्हीकडे बंद. शेवटी वजनं करायची. उजवी बाजू पुढे गेली तर पाल्यात काही दम आहे असं म्हणता येतं. सगळा प्रयोग त्या एका फरकावर उभा होता, आणि तोच तू पुसून टाकलास.

वजनं दोन्हीकडे सारखी भरली. माझ्या मार्गदर्शक सरांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, पाल्याचा उपयोग नाही, तसं लिही आणि मोकळी हो. मी तसा अहवाल लिहून दिलाही. आणि काल पंपाची दुरुस्ती आणि धाकट्याचा खोकला यांच्या मधे तू सहज सांगितलंस की मी कॉलेजला परत गेले की तू ताज्या पाल्याच्या जुड्या बांधून डावीकडेही टांगत होतीस. वर म्हणालीस, “अगं, जाळीतून टकामका बघायची बिचारी. एकीला वाढायचं आणि दुसरीला दाखवायचं, हे माझ्या हातून होत नाही.”

मला जाळीला सुतळीचे तुकडे दिसले होते. पडदे वर बांधायला असतील असं वाटलं. एवढं शिकून माझी नजर ही अशी.

तू हे करणार हे मला आधीच कळायला हवं होतं. मला अभ्यासाला टेबलावरचा दिवा आणलास तेव्हा धाकट्यालाही आणलास, आणि तो तर अंधार पडायच्या आत झोपणारा. मला चष्मा लागला तेव्हा त्याचेही डोळे तपासून आणलेस, आणि त्याला नंबर नाही म्हटल्यावर डॉक्टरांशी वाद घातलास. बाबा म्हणायचे, हिच्या हातात तराजू दिला तर दुकान बुडेल. आम्ही हसायचो. आता मला हसू येत नाही, एवढंच.

शिवाय व्यापारी तुला म्हणाला म्हणे की इतकी टवटवीत बॅच त्याने तुझ्याकडून कधी उचलली नव्हती. हे तू मला आनंदाची बातमी म्हणून ऐकवलंस. आई, माझी पंचाईत हीच आहे. पाल्याने काम केलं असेलही. दोन्ही बाजूंना केलं असेल. किंवा ऋतू चांगला असेल, पिल्लंच जातिवंत असतील. आता कुणालाच कधी कळणार नाही, कारण पाला न खाल्लेली एकही कोंबडी तू शिल्लक ठेवली नाहीस.

आज सकाळी सरांकडे गेले आणि अहवाल परत मागितला. कारण सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, असं कारण त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. आणखी एका बॅचची परवानगी मिळाली आहे. माझी शिष्यवृत्ती तिच्याबरोबरच संपते. याही वेळी गोंधळ झाला तर पदवी नाही, आणि पाल्याला उपयोग नाही हा शिक्का कायमचा, तोही माझ्याच नावावर.

म्हणून ही बॅच आपल्या शेडमध्ये होणार नाही. मिशीवाल्यांकडे होणार आहे. हो, तुझ्या कुंपणापलीकडचे तेच. आज दुपारी फोन करून ठरवलं. तुला ते त्यांच्या तोंडून कळलं असतं तर वर्षभर ऐकावं लागलं असतं, आणि तुझा चेहरा पाहून माझ्याने सांगवलं नसतं, म्हणून हे पत्र. त्यांच्या लेखी कोंबडी म्हणजे पोतं, त्यामुळे ते सांगितलं तेवढंच करतील. तू चांगली नाहीस म्हणून तुझ्याकडून काढून घेतलं असं समजू नकोस. काढून घेतलं ते तू फारच चांगली आहेस म्हणून, आणि प्रयोगाला तसलं माणूस चालत नाही. मला आई म्हणून मात्र तसलंच चाललं, हे मी तोंडावर कधी म्हणणार नाही, तेव्हा इथेच वाचून घे. पिल्लं सोमवारी येतील. त्यांच्याही शेडमध्ये जाळी असेल, डावीकडची तशीच टकामका बघतील, आणि तू रोज तिथूनच जाशील. माझ्यासाठी एक कर. जाताना रस्त्याच्या दुसऱ्या कडेने जा, आणि पदर रिकामा असू दे.

तुझीच, यावेळी तुझं न ऐकणारी,
तायडी