गुंडूच्या स्टुलावरची सुपारी

मी, भावकू मष्णू हुंदरे, जातीने मराठा, मूळचा कंग्राळीचा, धंदा फोटोग्राफीचा, राहणार खडेबाजार, बेळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीने दगा दिला आहे, डोक्याने अजून दिलेला नाही. कोणी माझा हात धरून लिहवून घेत नाही, आणि तसा कोणी धरूही शकला नसता, हे मला ओळखणारे जाणतात. वकील गोपाळराव हेर्लेकर समोर बसले आहेत. त्यांचे म्हणणे, मृत्युपत्रात मिळकतीखेरीज पाल्हाळ नसावा. पण पाल्हाळाशिवाय माझी मिळकत कळायची नाही, म्हणून तो राहील.

सन १९३८ साली मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझे खडेबाजारातले घर माझा थोरला भाऊ गुंडू याला दिले होते. ते मृत्युपत्र मी आज रद्द करतो. का, ते त्याच्या जागी सांगेन.

कलम पहिले. कंग्राळीच्या शेतातला माझा हिस्सा वडिलोपार्जित आहे. तो कायद्याने माझा पुतण्या मारुतीराव याच्या तोंडात पडणारच आहे. मी घास भरवायची गरज नाही.

कलम दुसरे. मोठा कॅमेरा, त्याची तिकाटी, काळे फडके आणि दोन्ही भिंगे निपाणीचे फोटोवाले भरमू चौगुले यांना द्यावीत. हे गृहस्थ निपाणीच्या बाजारात मला ‘मढ्यांचा फोटोवाला’ म्हणत आले. मी त्यांना कधी उलट बोललो नाही, कारण त्यांचे फोटोच बोलत होते. माझ्या भिंगाने तरी त्यांची गिऱ्हाइके स्वच्छ दिसोत.

हे नाव मला का पडले ते सांगणे भाग आहे. तरुणपणी कॅम्पातल्या एका गोवेकर फोटोग्राफरकडे मी काम शिकलो आणि बैलगाडीत कॅमेरा घालून गावोगाव फिरलो. कंग्राळी, उचगाव, संकेश्वर, निपाणी. जिथे चार पैसे आणि एक चांगली भिंत असेल तिथे घरच्या सगळ्यांचा मिळून फोटो काढायचा. पुढे एक तप उलटल्यावर मला छंद लागला. त्याच घरी जायचे, तीच भिंत, तीच बैठक, जो जिथे बसला होता तिथेच त्याला बसवायचे आणि पुन्हा फोटो काढायचा. मधल्या काळात जो मेला असेल त्याची जागा रिकामी ठेवायची, तिथे सरकून बसायचे नाही, हा माझा नियम. लोकांनी त्यात आपली भर घातली. मेलेल्याच्या जागेवर ते तुळशीचे पान ठेवू लागले. उचगावच्या एका घरी तर मधली सगळी ओळ पानांचीच होती, आणि दोन्ही टोकांना एकेक म्हातारी.

अशी किती घरे मी केली त्याची मोजदाद नाही. एक गोष्ट मात्र शपथेवर लिहितो. तुळशीचे पान ठेवलेल्या जागेवर प्लेटमध्ये, म्हणजे फोटोच्या काचेत, कधीही काहीही आले नाही. पाट आला, भिंत आली, पान आले. मेलेला माणूस काचेवर येत नाही.

कलम तिसरे. आमच्या घरच्या फोटोच्या प्लेटा. यांच्याविषयी सविस्तर लिहितो, कारण घराचा निकाल त्यांच्यावर आहे.

पहिली प्लेट सन १९१४ च्या दिवाळीतल्या पाडव्याची. मधोमध आई मनुबाई. तिच्या उजवीकडे सर्वांत थोरले भाऊ जोतिबाअण्णा, त्यांची बायको मालुबाई आणि तिच्या मांडीवर मारुतीराव, जो तेव्हा राव नव्हता, नुसता रडका होता. डावीकडे स्टुलावर गुंडू, फेटा बांधून, आणि त्याच्या शेजारी खुर्चीवर त्याची नवी नवरी, माझी वहिनी रुक्माबाई. मी कॅमेऱ्यामागे. गुंडू पलटणीत होता. पुढच्या वर्षी पलटण लढाईवर इराकात, बसऱ्याकडे गेली. बाकीचे आले, काहींचे मेल्याचे कागद आले. गुंडूही आला नाही आणि त्याचा कागदही आला नाही.

गावाने सात वर्षे वाट पाहिली आणि मग वहिनीच्या कपाळाकडे बघायला सुरुवात केली. तिने कुंकू पुसले नाही.

दुसरी प्लेट सन १९२६ च्या पाडव्याची. जोतिबाअण्णा इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले होते, त्यांच्या जागी मालुवहिनीने तुळशीचे पान ठेवले. दुसरे पान तिने गुंडूच्या स्टुलाकडे नेले. रुक्मावहिनीने ते तिच्या हातातून काढून घेतले आणि कनवटीची सुपारी स्टुलावर ठेवली. नवरा परगावी असला म्हणजे पूजेला त्याच्या नावाची सुपारी मांडतात, तशी. मी फोटो काढला.

प्लेट धुतली तेव्हा पान होते तसे आले. स्टुलावर मात्र माणूस बसलेला होता. हलला असावा तसा पुसट, पण गुंडूच. फेटा नव्हता, पुढचे केस गेलेले होते. प्लेट पुड्यातून काढलेली, कोरी होती. वापरलेल्याच काचेवर दुसरा फोटो पडला असेल, ही धंद्यातल्या माणसाला येणारी शंका मला आधी आली होती. मी ती काच खिडकीशी धरून सगळ्यांना दाखवली.

आई म्हणाली, “गुंडूच हाय गं माझा. क्यास गेल्यात त्येचं.”

मालुवहिनी म्हणाली, “डाग हाय त्यो, आत्ती. पानी नीट लागलं न्हाय.”

रुक्मावहिनी काच बघत बसली. आई त्या हिवाळ्यात गेली ती समाधानाने गेली.

तिसरी प्लेट सन १९३८ ची. आईच्या जागी पान, अण्णांच्या जागी पान, गुंडूच्या स्टुलावर सुपारी. या वेळी तो अधिक स्पष्ट आला. दाढी पांढरी, गालफडे बसलेली, डोक्याला आपल्याकडे कोणी बांधत नाही असे चौकड्यांचे फडके. मला त्या रात्री अन्न गेले नाही. भूत असते तर फेटा बांधून आले असते, जसे गेले तसेच. हा माणूस माझ्यासारखाच दर तपाला म्हातारा होत होता. जो म्हातारा होतो तो जिवंत असतो, असा मी निष्कर्ष काढला आणि दुसऱ्याच दिवशी वकिलांकडे जाऊन घर त्याच्या नावे केले. तो परत आला तर त्याला आणि वहिनीला डोक्यावर छप्पर असावे, एवढाच हेतू होता.

वहिनी ती प्लेट बघून एवढेच म्हणाली, “लई वाळल्यात. जेवायला कोन घालत आसंल त्येंना?”

मारुतीरावालाही डागच दिसला. पण मृत्युपत्र त्याला बरोबर दिसले. गुंडू मेलेला ठरला तर त्याला दिलेले घर त्याला पोचत नाही, ते फिरून वारसाकडे, म्हणजे मारुतीरावाकडे येते, हे त्याने कुठून तरी विचारून घेतले. या भाद्रपदात तो माझ्या उशाशी येऊन बसला आणि म्हणाला, “काका, मानूस गेला त्यो गेला. औंदा सर्वपित्रीला गुंडूकाकाचं पान वाढूया, समद्यास्नी मोकळं करूया.”

मी विचारले, “कुनाला मोकळं, मारुती?”

त्याने माझी उशी सारखी केली. पान वाढले की गाव साक्षीला येणार, वहिनीचे कुंकू पुसले जाणार, बांगड्या फुटणार, आणि पोटगीच्या दोन भाकऱ्यांवर तिला मालुवहिनीच्या चुलीमागे बसावे लागणार. तीस-बत्तीस वर्षे जिने घरात वाट पाहिली तिला घराबाहेर काढायची ही सोज्वळ तऱ्हा. मला फार संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण मी तप पुरे होईपर्यंत टिकणार नाही हे डॉक्टरांनी सांगितले होते.

म्हणून मी तप पुरे होण्याची वाट पाहिली नाही. गौरीच्या सणाला सगळे कंग्राळीत जमले होते, तेव्हा कॅमेरा लावला. ही चौथी प्लेट. बैठक मांडली, पाने ठेवली. वहिनी नुसतीच खुर्चीवर बसली.

मी म्हणालो, “वैनी, सुपारी ठिवा की.”

ती म्हणाली, “आज नगं, भावजी.”

मला वाटले, हिनेही आशा सोडली. फडक्यात डोके घातले. फडके त्या दिवशी जड लागत होते. आजारपणामुळे असेल अशी मी समजूत घातली आणि फोटो काढला.

प्लेट धुतली. स्टूल रिकामे. मागची भिंत, तिचा पोपडासुद्धा स्वच्छ आला. मेलेला काचेवर येत नाही, हा माझाच नियम माझ्यावर उलटला. गुंडू गेला होता. मी अंधाऱ्या खोलीत बसून रडलो, हे लिहायला मला लाज नाही.

मग उजेडात पाहिले तेव्हा ध्यानात आले की मालुवहिनीचे डोळे मिटलेले आहेत (चार फोटो, चारही वेळा मिटलेले, दोष कॅमेऱ्याचा नाही) आणि रुक्मावहिनी भिंगाकडे बघतच नाही. तिने पदर कपाळापर्यंत ओढला आहे आणि नजर भिंगाच्या वर, माझ्या उजव्या खांद्यावरून मागे आहे. धाकट्या दिरासमोर तिने असा पदर कधी ओढलेला नाही.

मी काच तिच्यापुढे धरली. म्हणालो, “रिकामं आलंय, वैनी.”

ती म्हणाली, “रिकामंच येनार की. तितं बसलंतं कोन? धनी तुमच्या मागं हुबं हुतं. उंबऱ्यातनं आलं, तुमच्या खांद्यावर हात ठिवला. तुमी फडक्यात हुता. घरात आलेल्या मानसाची सुपारी मांडत्यात व्हय?”

मी काच खाली ठेवून विचारले, “जित्तं हाय काय, वैनी?”

“ते म्या कशाला इचारू?” ती म्हणाली. “घरला आल्यात. लई दमल्यात.” आणि ती चुलीकडे गेली.

कलम चौथे, आणि हेच मुख्य. गुंडू जिवंत आहे की नाही हे मला आता सांगता येत नाही आणि कोर्टालाही सांगता येणार नाही. म्हणून खडेबाजारातले माझे स्वकष्टाचे घर, अंधाऱ्या खोलीसह, आतल्या भांड्याकुंड्यांसह, मी सौभाग्यवती रुक्माबाई गुंडू हुंदरे हिला तिच्या स्वतःच्या हक्काने, कायमचे, विकण्या-देण्याच्या अधिकारासह देत आहे. तिचा नवरा असो वा नसो, घर तिचे. वकिलांनी तिच्या नावामागे ‘गं. भा.’ लिहावे असे सुचवले होते, सावधगिरी म्हणून. मी लेखणी खाली ठेवली, तेव्हा त्यांनी सूचना मागे घेतली. तिचे कपाळ तिचे आहे.

पोस्टात शिल्लक आहे ती तिच्याच औषधपाण्याला. मारुतीरावाने येत्या सर्वपित्रीला गुंडूच्या नावाने पान वाढले, तर माझ्या चितेला त्याने हात लावू नये. अग्नी भरमू चौगुले देतील. चारही प्लेटा वहिनीकडे राहतील. कोर्टात त्या दाखवू नयेत. ज्यांना डाग दिसतो त्यांना डागच दिसणार.

येथे माझे सांगणे संपले. सहीच्या वेळी खोलीत मी, वकील गोपाळराव आणि साक्षीला बोलावलेले शरद मास्तर असे तिघे आहोत. वहिनी आत्ताच चहा घेऊन आली. तीन कप तिने आम्हा तिघांपुढे ठेवले आणि चौथा माझ्या मागे, खिडकीच्या फळीवर. गोपाळराव म्हणतात, हजर असलेल्यांची नावे पुरी लिहा. त्यांना दिसतात तेवढी मी लिहिली आहेत.

सही : भावकू मष्णू हुंदरे

वरील इसमाने आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीवर राहून सही केली आणि त्याच्यासमोर आम्ही केल्या :
१. गोपाळ त्र्यंबक हेर्लेकर, वकील, बेळगाव
२. शरद विष्णू याळगी, शिक्षक, शहापूर

मुक्काम बेळगाव, ता. ८ ऑक्टोबर १९४७, दोन प्रहर